काही घालू नये

टेकडीमागच्या बंद खाणीत एक कोपरा
वर्षातले नऊ-दहा महिने ओला असतो.
कातळातून पाझरतं ते पाणी
चार वेळा विसळलेल्या भांड्यातल्या शेवटच्या पाण्यासारखं,
कशाचाच अंश नसलेलं.
त्यात ती उभी. लव्हाळ्याच्या गोतातली,
पण त्याच्यासारखी शेतात शिरून शिव्या खाणारी नव्हे.

मी तिला आधी बोटांनी ओळखलं.
गवताची काडी चिमटीत गोल फिरते,
हिची अडते.
एक कड, दुसरी, तिसरी, पुन्हा पहिली.
एकतीस वर्षं मी वाळलेली झाडं कागदावर शिवत आले,
नावं लिहिणारे साहेब बदलले, सुई माझीच.
हिचा एकच कागद होता कपाटात,
कोपऱ्यात शाईने: पुणे, ओलसर जागा, विरळ.
निवृत्तीनंतर म्हटलं, जिवंत कशी दिसते ते तरी बघू.

जिवंत ती फारशी काही करत नाही.
शेजारचा दवबिंदू भुकेपोटी किडे धरायला शिकला.
ही तसलं काही शिकली नाही,
हिने फक्त खर्च कमी केला.
पान पिवळं पडायच्या आधी
त्यातलं असेल-नसेल ते मुळांकडे माघारी धाडते,
मग उरलेलं चिपाड वाऱ्यावर सोडते.
खाली चिखलात श्वास कोंडतो,
म्हणून पोकळ देठातून मुळांपर्यंत हवा पोचवते.
एकदा एक मूळ उकरून पाहिलं (एकच, आणि परत पुरलं),
त्याच्यावर गंजाचा पापुद्रा,
जुन्या खिळ्यावर चढतो तसा.

परचुरे बँकेतून निवृत्त झालेले. गुडघ्याला पट्टा.
रोज पहाटे पाच-पाच लिटरचे दोन कॅन
खाणीच्या काठापर्यंत चढवायचे.
करंजाची चाळीस रोपं, प्रत्येकाला नंबर,
प्रत्येकाच्या बुंध्याशी शेणखत आणि मूठभर युरिया.
मला म्हणायचे, "काकू, ही जमीन उपाशी आहे हो."
मी म्हटलं, हो.
एवढंच म्हटलं. अजून आठवतं.

पावसाने ते सगळं खाली आणलं.
पहिल्या वर्षी शेवाळ,
हिरव्या साईसारखं, बोटाने उचलता येईल असं.
दुसऱ्या वर्षी पाणकणीस, पुरुषभर उंच,
आणि रुंद पानांचं कसलंसं गवत,
ज्याला मिळेल तेवढं कमीच.
ती कुणी उपटली नाही, तुडवली नाही.
तिच्या वाटचं ऊन तेवढं संपलं.
परचुरे काठावर उभे, घामेजलेले, खूश.
"बघा, खडकाला पालवी फुटली!"
चाळिसातली सव्वीस रोपं जगली होती.
त्या माणसाला मी काय सांगणार होते?
दवबिंदू मेला म्हणून?

मुलगा बाणेरला असतो. दर रविवारी फोन,
इकडे ये, धनकवडीला काय ठेवलंय.
बदाम पाठवतो, मसाज करणारी खुर्ची पाठवली.
तिच्यावर मी कपड्यांच्या घड्या ठेवते.

परवा खाणीच्या वरच्या अंगाला,
करंजांच्याही वर, जिथून पाझर सुरू होतो,
कातळाच्या भेगेत एक झुबका दिसला.
चिमटीत धरला. अडला.
वीतभरही नाही, टोकाला तपकिरी कणीस
तिळाएवढं.

पुण्याची माणूस मी, आधी मनात पाटीच आली:
येथे काही घालू नये. खत नाही, निर्माल्य नाही, माया नाही.
पण पाटी लावली की बघायला गर्दी होणार,
गर्दीमागून परचुरे.
नाही लावली.

उतरताना तहान लागली, बाटली काढली.
तळाशी घोटभर उरलं
नळाचं, औषध मारलेलं.
नेहमीच्या सवयीने हात झाडाकडे वळला होता.
झाकण लावलं,
आणि ते घोटभर पाणी घरी नेऊन
मोरीत ओतलं.